सुट्या भागांतून काल्पनिक वाफेचे इंजिन: चॅसिसपासून रंगापर्यंत, क्रम न चुकवता

मॉडेल रेल्वेच्या जुन्या भागांतून स्वतःच्या कल्पनेतले इंजिन जुळवायला घेतात पुष्कळजण, पण त्यातली बरीच इंजिने अर्धवटच राहतात. कारण बहुतेक वेळा एकच असते. हाताला आलेला देखणा बॉयलर आणि कॅब (चालकाची खोली) आधी चिकटवतात आणि त्याखाली जाईल अशी चॅसिस (चाके-मोटरसह खालचा सांगाडा) नंतर शोधत बसतात. मग मोटर आत मावत नाही, जागा करायला फायरबॉक्स (बॉयलरमागची आगीची पेटी) कापावा लागतो, आणि सिलिंडर एकीकडे, चिमणी भलतीकडे अशी गत होते. इथला क्रम त्याच्या उलट आहे: आधी इंजिनाचे काम ठरते, मग चॅसिस, मग कागदावरचा आराखडा आणि सर्वांत शेवटी वरचे कवच.

सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे: कोल्हापूर ते गगनबावडा, सुमारे ५५ किलोमीटर, कधीच न झालेली ७६२ मिमी गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची) हलकी लाइन. माल म्हणजे ऊस आणि गूळ, सोबत दोन-तीन प्रवासी डबे. इंजिन २-८-२ चाकांचे (पुढे २ लहान, मध्ये रॉडने जोडलेली ८ चालक, मागे २ लहान), पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही बाजूंना.

## १. गेज आणि स्केलचा हिशेब

खऱ्या गेजला स्केलच्या आकड्याने (मॉडेल खऱ्याच्या कितीपट लहान, त्याने) भागा. ७६२ ÷ ८७ = ८.७६, म्हणजे १:८७ मध्ये (एचओ स्केलमध्ये) ही लाइन ९ मिमीच्या रुळावर बसते. ९ मिमी हा एचओहून लहान अशा एन स्केलचा रूळ, तो तयार मिळतो आणि त्यावरच्या मोटरसह चॅसिसही मिळतात. कवच एचओचे आणि पाय एनचे, असे हे जमते.

मीटरगेज हवे असेल (१८९१ साली सुरू झालेली मिरज–कोल्हापूर लाइन मीटरगेजच होती) तर १००० ÷ ८७ = ११.५, म्हणून १२ मिमीचा रूळ. ब्रॉडगेज मात्र अडचणीचे. १६७६ ÷ ८७ = १९.३ मिमी, आणि तसा रूळ तयार मिळत नाही. १६.५ मिमीच्या रुळावर ब्रॉडगेज मानायचे तर स्केल १:१०१.६ धरावे लागते. त्यावर १:८७ चे भाग लावले की ते सुमारे १७ टक्के मोठे ठरतात, आणि रुंद इंजिन अरुंद पायांवर उभे केल्यासारखे दिसते. पहिल्या इंजिनासाठी या वाटेला जाऊ नका.

## २. इंजिनाचे काम आणि ओढशक्ती

हा टप्पा लोक गाळतात, कारण इंजिन काल्पनिकच आहे ना! पण चाके किती, सिलिंडर केवढा आणि टाकी का हवी, ही उत्तरे इथूनच मिळतात. सूत्र सोपे आहे, मापे इंचांत आणि दाब चौरस इंचाला पौंडांत; बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव:

ओढशक्ती = ०.८५ × दाब × बोअर × बोअर × स्ट्रोक ÷ चाकाचा व्यास

एनच्या मालगाडी इंजिनाचे चालक चाक साधारण १० मिमी असते. १० × ८७ = ८७० मिमी, म्हणजे ३४ इंच. नॅरोगेजला अगदी शोभणारे. क्रँकपिन (चाकावरची रॉड जोडायची खुंटी) चाकाच्या मध्यापासून २.२ मिमीवर असेल तर स्ट्रोक त्याच्या दुप्पट, ४.४ मिमी. तो ८७ ने गुणला की ३८३ मिमी, म्हणजे १५ इंच. बोअर १३ इंच आणि दाब १६० धरला तर ओढशक्ती येते १०,१४० पौंड, म्हणजे सुमारे ४,६०० किलो.

आता चाकांवरचे वजन. हलक्या रुळांवर एका ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. मिरजेपर्यंत आलेल्या बार्शी लाइट रेल्वेने हीच मर्यादा धरली होती. चार जोडचाकी ॲक्सल म्हणजे २० टन, म्हणजे ४४,८०० पौंड. त्याला १०,१४० ने भागा: ४.४. तीनच ॲक्सल ठेवले तर हाच आकडा ३.३ वर येतो. चारच्या खाली गेलेले इंजिन ओल्या रुळावर चाके फिरवत जागीच राहते, आणि गगनबावड्याचा पाऊस जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. म्हणून सहा नाहीत, आठ चालक चाके. वाळूच्या पेट्याही मोठ्या.

जळण काय, हेही आत्ताच ठरवा. गुऱ्हाळासारखे चिपाडावर चालणारे इंजिन हवे असेल तर खुशाल करा. जावा बेटावरच्या साखर कारखान्यांची इंजिने चिपाडावरच चालत. मात्र मग ठिणग्या अडवणारी फुगीर चिमणी आणि कोळशापेक्षा कितीतरी मोठा, वर जाळीचा कठडा असलेला बंकर (जळणाची पेटी) लागतो. साध्या चिमणीचे चिपाडी इंजिन जाणकाराला पहिल्या नजरेत खटकते.

तपासा: गेज, चाकाचा व्यास, स्ट्रोक, बोअर, ॲक्सल-भार आणि जळण हे सहा आकडे-तपशील एका कागदावर आले का? नसतील तर खरेदीला जाऊ नका.

## ३. चॅसिस निवडणे आणि पारखणे

जुनी, वापरलेली चॅसिस चालते, पण घेण्याआधी पुढच्या गोष्टी बघा.

मोटर इंजिनात आहे की टेंडरमध्ये (इंजिनामागच्या जळण-पाण्याच्या डब्यात)? काही मॉडेलांत मोटर टेंडरमध्ये असते. टाकीचे इंजिन करायचे तर ती उपयोगाची नाही.

वीज कुठून उचलली जाते? काही इंजिने एका रुळाची वीज स्वतःच्या चाकांतून आणि दुसऱ्याची टेंडरच्या चाकांतून घेतात. टेंडर काढले की इंजिन मेले. अशा चॅसिसला दुसऱ्या बाजूच्या चाकांवर फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्ट्या लावाव्या लागतात. जमणार असेल तरच घ्या.

ओतीव भाग फुगलेला किंवा तडकलेला आहे का? जुन्या जस्त-मिश्रधातूत शिशाची भेसळ असेल तर तो वर्षांनी आतून भुसभुशीत होतो. केसाएवढी जाळीदार तडक दिसली तरी नको. हा रोग थांबवता येत नाही.

एचओची, १६.५ मिमी रुळाची चॅसिस घेत असाल तर एक जास्तीची खबरदारी: मार्कलिनच्या तीन-रूळ पद्धतीच्या इंजिनांची चाके एकमेकांपासून विजेने वेगळी केलेली नसतात. ती दोन-रूळ पद्धतीच्या लाइनवर ठेवली की थेट शॉर्टसर्किट.

चॅसिस हातात आली की कवचाशिवाय दोन्ही दिशांना पंधरा-पंधरा मिनिटे हळू चालवा. प्रत्येक फेऱ्यात चाक एकाच जागी अडखळत असेल तर क्वार्टरिंग चुकलेले आहे किंवा रॉड वाकला आहे. एका बाजूचा क्रँकपिन दुसऱ्या बाजूच्या ९० अंश पुढे असतो, आणि हा कोन सगळ्या ॲक्सलवर सारखाच हवा. एक ॲक्सल जरी थोडा फिरलेला असला तरी रॉड ताणले जातात.

सावध: अडखळणारी चॅसिस “वर वजन आल्यावर सुधारेल” म्हणून पुढे नेऊ नका. वजनाने ती आणखी अडते.

## ४. सामान

परदेशी भाग टपालाने येतील, पण निम्म्याहून अधिक सामान गावातच मिळते. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअर दुकानांत किंवा भंगारात अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिमीची ॲल्युमिनियमची किंवा पितळी नळी शोधा. १२.७ × ८७ = ११०५ मिमी; आपल्या बॉयलरला बरोबर. ॲल्युमिनियमला साधी कथील-डागणी धरत नाही, तिथे अराल्डाइट वापरावे लागते. डागकाम येत असेल तर पितळच घ्या.

गुजरी भागात सोनारकामाची हत्यारे विकणाऱ्या दुकानात ०.५ ते १ मिमीचे ड्रिल, हाताने फिरवायचा पिन वाइस, बारीक करवतीची पाती आणि बारीक कानशी मिळतात. मोटर वाइंडिंग करणाऱ्याकडून ०.५ मिमीची तांब्याची तार मागून घ्या; पाइपांसाठी यापेक्षा चांगले काही नाही. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडची पिवळी कॅप्टॉन (Kapton) टेप इन्सुलेशनला लागते. शिवाय ०.२५, ०.५ आणि १ मिमीचे स्टायरीन (प्लास्टिकचे) पत्रे, व्हर्नियर, मल्टिमीटर, १२ व्होल्टचा कंट्रोलर, आणि ४०० व ८०० नंबरचा पॉलिश पेपर.

चिमणी आणि डोम (बॉयलरवरचे घुमट) उद्यमनगरातल्या लेथवर ८ मिमी पितळी सळईतून करून घेता येतात. टर्नरला फोटो दाखवू नका, मापांसह चित्र द्या: बुडाचा व्यास, मधला, वरचा आणि उंची. एवढासा जॉब चकात धरण्यासाठी मागे १५ मिमी सळई जास्त ठेवायला सांगा, नाहीतर कापताना तो उडून जातो.

## ५. कागदावर आराखडा

आलेख कागदावर मॉडेलच्याच मापात बाजूचे चित्र काढा. कॉम्प्युटरवर काढले तरी १०० टक्के मापात छापून व्हर्नियरने पडताळा.

पहिली रेघ रुळाच्या माथ्याची. दुसरी चाकांच्या मध्यांची, ५ मिमीवर. मग चॅसिसवरून मोजून चारही चालक चाके. पहिल्या ते चौथ्या ॲक्सलचे अंतर साधारण ३२ मिमी भरते. त्यानंतर सिलिंडरचा मध्य, आणि त्या मध्यातून सरळ वर एक उभी रेघ. चिमणी याच रेघेवर. सिलिंडरमधली वापरलेली वाफ स्मोकबॉक्समध्ये (बॉयलरच्या पुढच्या धुराच्या पेटीत) चिमणीच्या खाली सोडली जाते आणि त्या जोरावर आग ओढ घेते. चिमणी दोन मिमी मागे-पुढे चालेल, पण सिलिंडर बॉयलरच्या मध्याखाली गेला तर त्या इंजिनाला ओढच नाही.

बॉयलरचा मध्य रुळापासून १९ मिमीवर घ्या. बॉयलरची खालची कड १२.६ मिमीवर येते आणि चाकांच्या वर मोकळी जागा उरते. एकूण उंची ३६ मिमी, रुंदी २६ मिमी. नॅरोगेजला गेजच्या तिप्पट रुंदी हा ठोकताळा वापरा: ७६२ × ३ = २२८६ मिमी.

फायरबॉक्सची जागा लोक सर्वांत जास्त चुकवतात. ७६२ मिमी गेजवर फ्रेमच्या आत आगीची पुरेशी रुंद जाळी मावत नाही, म्हणून आग चाकांच्या मागे न्यावी लागते. चौथ्या चालक ॲक्सलच्या मागे, मागच्या लहान चाकांच्या वर रुंद फायरबॉक्स आणि त्याखाली राखपेटी काढा. २-८-२ मधले शेवटचे चाक असते त्यासाठीच. ते चाक ठेवून फायरबॉक्स पुढे चालक चाकांवर ठेवला तर मागचे चाक बिनकामाचे ठरते.

उदाहरणातली लांबी अशी: पुढचा पाटा ६ मिमी, स्मोकबॉक्स १३, बॉयलरची नळी ३२, दिसणारा फायरबॉक्स १२, कॅब १८, बंकर ११. एकूण ९२ मिमी, म्हणजे खरे इंजिन ८ मीटरचे. बॉयलर आखूडच ठेवा. चढ-उतारावर लांब बॉयलरमधले पाणी एका टोकाला जाते आणि फायरबॉक्सचे छत उघडे पडण्याचा धोका असतो.

तपासा: आराखड्यावर २० मिमी उंचीचा माणूस काढा (१:८७ मध्ये १.७४ मीटर). तो कॅबच्या दारातून वाकून न जाता आत जातो का? खिडकी त्याच्या डोळ्यांसमोर येते का?

## ६. पुठ्ठ्याची कोरडी जुळणी

आराखडा पुठ्ठ्यावर चिकटवून टाक्या, कॅब आणि बंकर कापा, नळी तिच्या लांबीला कापा, आणि सगळे दुहेरी चिकटपट्टीने चॅसिसवर बसवा. गोंद अजून उघडायचाच नाही.

आता २५० मिमी त्रिज्येच्या वळणावर हाताने ढकला. एनच्या चॅसिसवर एचओचे रुंद कवच आले की टोके वळणात बरीच बाहेर फिरतात. पुढच्या लहान चाकाची कड सिलिंडरला लागते का, मागचे चाक राखपेटीला अडते का, कॅबच्या पायऱ्या शेजारच्या लाइनवरच्या डब्याला घासतात का, ते बघा. घासते तिथे पेन्सिलने खूण करा आणि आराखडाच बदला. इथे गेलेली संध्याकाळ पुढचे दोन आठवडे वाचवते.

## ७. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह गिअर

चॅसिसवरचे सिलिंडर शक्यतो तसेच ठेवा. १३ इंची बोअर १:८७ मध्ये ३.८ मिमी, वरच्या आवरणासह साडेपाच मिमीच्या आसपास. एनच्या मोठ्या इंजिनाचा सिलिंडरही साधारण तेवढाच दिसतो. अडचण वेगळी असते. कवच २६ मिमी रुंद आणि सिलिंडर आत लपलेले. त्यावर उपाय म्हणून सिलिंडर बाहेर सरकवायला गेलात तर पिस्टन रॉड तिरका होतो आणि क्रॉसहेड (त्याच्या टोकाचा सरकता ठोकळा) अडकतो. सिलिंडर आहे तिथेच ठेवून त्याच्या बाहेरच्या अंगाला १ ते १.५ मिमी स्टायरीनचे आवरण चढवा. रॉडची रेघ हलत नाही, डोळ्याला मात्र सिलिंडर रुंद दिसतो.

सिलिंडर बदलावाच लागला तर चिकटवण्याआधी चाक हाताने पूर्ण फिरवा. क्रँक मागच्या टोकाला असताना पिस्टन रॉड सिलिंडरमधून निसटता कामा नये, आणि पुढच्या टोकाला क्रॉसहेड झाकणावर आपटता कामा नये. कमीत कमी अर्धा मिमी मोकळीक दोन्हीकडे.

वॉल्शर्ट्स गिअरमध्ये (सिलिंडरच्या झडपा हलवणाऱ्या रॉडांच्या रचनेत) मुख्य क्रँकपिनवरचा छोटा रिटर्न क्रँक बहुतेक इंजिनांत असा असतो: पिन सर्वांत खाली असताना तो पुढे, सिलिंडरच्या दिशेला झुकतो. दोन्ही बाजूंना तसाच हवा. एका बाजूला पुढे आणि दुसऱ्या बाजूला मागे, ही चूक फोटोत लगेच उघडी पडते.

सावध: गिअरचे बरेच भाग डेलरिन या निसरड्या प्लास्टिकचे असतात. त्याला फेविक्विकही धरत नाही, अराल्डाइटही नाही. तिथे पिन किंवा रिव्हेटच.

## ८. बॉयलर, चिमणी, डोम

नळीच्या खालच्या बाजूला चॅसिसचा ठोकळा आत जाईल एवढी खाच कापा. बाजूच्या टाक्या ही खाच पूर्ण झाकतात. पहिल्या इंजिनासाठी टाकीवाले इंजिन निवडण्याचे खरे कारण हेच.

सावध: एनच्या अनेक चॅसिस दोन अर्ध्या धातूच्या ठोकळ्यांच्या असतात आणि प्रत्येक अर्धा एका रुळाशी जोडलेला, म्हणजे विजेने जिवंत असतो. धातूची नळी दोन्हींना टेकली की शॉर्ट. नळीच्या आतून कॅप्टॉन टेपचे दोन थर द्या आणि मल्टिमीटरची बीप लावून नळी व प्रत्येक ठोकळा तपासा. बीप आली तर पुढे जाऊ नका.

लेथवरून आलेल्या डोमचे बूड सपाट असते. ते बॉयलरच्या गोलाईवर बसत नाही आणि खाली चंद्रकोरीसारखी फट दिसते. त्याच नळीच्या उरलेल्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, घासणारी बाजू वर ठेवून, घट्ट गुंडाळा. डोम उभा धरा आणि नळीच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे घासा. आडवे घासू नका आणि मनगट वळू देऊ नका, नाहीतर बूड तिरके होते. दर वीस-पंचवीस घासण्यांनंतर प्रकाशासमोर धरून फट बघा. बसला की ८०० नंबरवर दोन-चार हात. चिमणीलाही हेच.

वाफेचा डोम बॉयलरच्या मधोमध, वाळूचा त्याच्या पुढे, सेफ्टी व्हॉल्व्ह फायरबॉक्सवर, शिट्टी कॅबच्या पुढे. हे भाग कुठल्याही कंपनीचे, कुठल्याही स्केलचे चालतील, कारण डोम लहान-मोठे असतातच. पण माणसाचा हात किंवा पाय जिथे लागतो ते भाग बरोबर १:८७ चेच हवेत: पायऱ्या, कठडे, दाराची कडी, स्मोकबॉक्सच्या दाराचा दांडा, दिवे. एनची एक पायरी जरी राहिली तरी डोळा सगळे इंजिन एनचे समजतो.

## ९. टाक्या, कॅब आणि वजन

टाक्या १ मिमी स्टायरीनच्या: लांबी ३४, उंची ११, रुंदी ६ मिमी, बूड रुळापासून १३ मिमीवर, रॉडच्या वर. दोन्ही मिळून खऱ्या मापात सुमारे २,९५० लिटर पाणी बसते. आठ मीटरच्या इंजिनाला हे पटण्यासारखे आहे. कॅबच्या भिंती ०.५ मिमीच्या, छपरासाठी ०.२५ चे दोन पत्रे बाटलीभोवती बांधून गरम पाण्यात धरा, मग गार करून एकमेकांना चिकटवा. उकळते पाणी नको, पत्रा सुरकुततो.

स्टायरीनला मॉडेलचा पातळ सिमेंट सर्वांत चांगला. ॲक्रिलिकच्या पाट्या करणारे वापरतात ते एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) द्रावणही चालते, पण त्याची वाफ घातक आहे. खिडक्या उघड्या ठेवून, थेंबाथेंबानेच. खिडकीच्या काचांजवळ फेविक्विक नको, काच पांढुरकी होते.

वजनासाठी टायरवाल्याकडची शिशाची बॅलन्सिंग पट्टी टाक्यांत आणि बंकरमध्ये बसवा. शिशाचे छर्रे फेविकॉलमध्ये मिसळून कधीही भरू नका: शिसे पांढऱ्या गोंदाशी हळूहळू गंजून फुगते आणि काही वर्षांनी टाकीच फाटते. अराल्डाइट वापरा. काम झाले की हात धुवा.

तपासा: इंजिन पेन्सिलवर आडवे तोलून बघा. तोल दुसऱ्या आणि तिसऱ्या चालक ॲक्सलच्या मध्ये यायला हवा. मग रुळावर ठेवून पुढून बोटाने अडवा आणि हळूहळू व्होल्टेज वाढवा. चाके जागच्या जागी फिरली पाहिजेत. मोटरच थांबली तर वजन जास्त झाले, थोडे काढा.

## १०. पाइप

पाइप शोभेसाठी कुठेही वळवू नका. प्रत्येकाला सुरुवात आणि शेवट असतो. टाकीतून पाणी कॅबखालच्या इंजेक्टरकडे (तो पाणी बॉयलरमध्ये ढकलतो), तिथून बॉयलरच्या बाजूला पुढच्या भागात असलेल्या क्लॅक व्हॉल्व्हकडे (पाणी उलटे येऊ न देणाऱ्या झडपेकडे). वाळूच्या पेटीतून चालक चाकाच्या अगदी पुढे, रुळाजवळ. व्हॅक्यूम ब्रेकच्या इजेक्टरची (ब्रेकच्या नळ्यांतली हवा खेचणाऱ्याची) नळी बॉयलरच्या कडेने स्मोकबॉक्सपर्यंत, आणि व्हॅक्यूमची रबरी नळी दोन्ही टोकांच्या बीमवर. गिअर बदलण्याचा लांब दांडा फक्त चालकाच्या बाजूला. दोन्ही बाजूंना दांडा लावणे ही नेहमीची चूक.

## ११. रंग

आधी विमच्या पाण्याने धुवा, एक दिवस वाळू द्या, मग राखाडी प्रायमर. गाड्यांचा स्प्रे थेट स्टायरीनवर मारला तर पत्रा वितळतो. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात दमट हवेने लॅकरवर पांढरट धुके धरते. उघडीप पडलेली दुपार बघा किंवा काम पुढे ढकला. पातळ तीन थर, मध्ये वीस मिनिटे. चाकांच्या कडा, रॉड आणि वीज उचलणाऱ्या पट्ट्या टेपने झाका. स्मोकबॉक्स आणि चिमणी मॅट काळी, बाकी अंग अर्धचकाकी; दोन्ही एकाच चकाकीचे ठेवले तर सगळे खेळण्यासारखे दिसते.

रंग सुकल्यावर ॲक्सलना सुईच्या टोकाने प्लास्टिकला चालणारे तेल, प्रत्येकी अगदी एक ठिपका. जास्त झालेले तेल चाकांच्या कडांवर येते आणि वीज तुटायला लागते. मग कपलिंगची उंची तुमच्याच एका डब्याशी लावून बघा, आणि अर्धा तास हळू, दोन्ही दिशांना.